आफ्रिकेच्या नकाशात सगळीकडे सिंहच काढायचा का?

पडवीतली शाळा (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला भूगोल शिकवते. पाऊस लागायच्या आत शाळेच्या पडवीत, जमिनीवर, आफ्रिका खंडाचा मोठा नकाशा रंगवायचं ठरलंय. बाह्यरेखा काढून झाली. रंग पालकांनी घरात उरलेले दिले, त्यामुळे होडीचा निळा भरपूर आहे आणि हिरवा जेमतेम. आता आत काय भरायचं इथे गाडं अडलंय.

मुलांच्या कच्च्या चित्रांत सिंह सहारात आहे, काँगोत आहे, केपटाउनलाही आहे. पुस्तकात तीन पट्टे दिलेत: विषुववृत्तीय वनं, गवताळ प्रदेश, वाळवंट. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, विषुववृत्त काँगोतून जातं तसं केनियातूनही जातं. मग एकीकडे जंगल नि दुसरीकडे गवत कसं?" लगेच मागच्या बाकावरून आवाज, "नि आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, तर आपला सडा, हे जांभ्याचं कातळपठार, उघडाबोडका का?" मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेलीय.

मुलांना सांगता येईल असं कुणीतरी समजवा. आणि प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा एखादा प्राणी सुचवा.

काजूबी (वेंगुर्ला)

बाई, त्या मागच्या बाकावरच्या पोराला माझ्यातर्फे मूठभर काजूगर द्या. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते त्याच्या प्रश्नात आहे.

आधी माझं सांगतो. माझा काजूचा लहान कारखाना आहे. आपली बी मे महिन्यात संपते, पुढे कारखाना चालू ठेवायचा तर आफ्रिकेतली बी आणावी लागते. त्यासाठी लिलावाच्या हंगामात मी टांझानियाच्या दक्षिण टोकाला, मट्वारा बंदराच्या मागच्या मुलखात जातो. अभ्यासक वगैरे नाही. पण गाडीच्या खिडकीतून पुष्कळ पाहिलंय, आणि संध्याकाळी वीज गेली की तिथल्या लोकांशी बोलण्यावाचून दुसरं काम नसतं.

तर, पाऊस किती पडतो ते बाजूला ठेवा. वर्षातले किती महिने कोरडे जातात ते मोजा. काँगो नदीवरचं किसांगानी शहर जवळजवळ विषुववृत्तावर आहे. तिथे वर्षाला सतराशे-अठराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या निम्म्याहून थोडा अधिक. पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो, झाडाला तहान म्हणून लागत नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. आंबोलीला तर सात हजारांच्या घरात पडतो, तरी एप्रिलमध्ये ओढे आटतात. त्या आठ महिन्यांत जो तग धरेल तोच आपला: साग, ऐन, किंजळ, पानं गाळून बसणारे. वर दरवर्षीचा वणवा. सड्यावर तर जांभ्यावर वीतभरही माती नाही, मूळ जाणार कुठे?

आता केनिया. नान्युकी गावातून विषुववृत्त जातं, तिथे पाट्या लावल्यात, लोक फोटो काढतात. पण हा भाग उंच पठाराचा. पश्चिमेकडून येणारी अटलांटिकची ओल मधले डोंगर अडवतात, त्यातून काँगोचं जंगल स्वतःच्या पानांतून जी वाफ सोडतं तिचा पाऊस त्याच्याच डोक्यावर पडतो. पूर्वेला हिंदी महासागर आहे खरा, पण तिथला वारा आपल्याकडे यायच्या घाईत असतो. जूनमध्ये देवगडला जो नैऋत्य वारा येऊन आदळतो, तोच त्याआधी केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला घासून जातो. किनाऱ्याला समांतर वाहतो, समुद्राच्या तळातलं गार पाणी वर खेचतो, आणि गार पाण्यावर ढग धरत नाहीत. पाणी भरून घेतो तो पुढे अरबी समुद्रावर. म्हणजे ज्या वाऱ्याने आपली भातशेती पिकते, तोच सोमालियाला कोरडं ठेवून येतो.

त्या कोरड्या टापूचा प्राणी हवा तर गेरेनुक काढा. हरणासारखा, मान लांबलचक. मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहून काटेरी झुडपांची वरची पानं खातो. पोरांना काढायलाही मजा येईल. त्याच्या शेजारी ग्रेवीचा झेब्रा, बारीक पट्ट्यांचा.

आणि एक भाग तुमच्या पुस्तकात नसेल, तो कृपा करून घाला: मिओम्बो. टांझानियाचा दक्षिण-पश्चिम भाग, झांबिया, मलावी, मोझांबिक, अंगोला, झिंबाब्वे, एवढ्या देशांत पसरलेलं हे पानगळीचं रान. नकाशात त्याला उरलेला सगळा हिरवा गेला तरी चालेल. आफ्रिका म्हटलं की कॅमेरे टांझानियाच्या उत्तरेला, सेरेंगेटीच्या गवताळ माळावर जातात, इथे कुणी येत नाही. मला मात्र तिथे घरच्यासारखं वाटतं. पावसाळा एकच, नोव्हेंबर ते एप्रिल, बाकी कोरडं. झाडं चिंचेच्या दूरच्या भावकीतली. ऑक्टोबरात पाऊस यायच्या आधीच त्यांना पालवी फुटते आणि ती तांबडी, आपला कोसंब मार्चमध्ये दिसतो तशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडं रान आणि खाली जळलेलं गवत. वणवा तिथेही दरवर्षी लागतो.

एवढं रान शिल्लक का राहिलं, तर माशीमुळे. त्सेत्से माशी. ती गुरांना रोग देते, गुरं जगत नाहीत, गुरं नाहीत तिथे वस्ती विरळ. माझा ड्रायव्हर मला निळा शर्ट घालू देत नाही, कारण ही माशी निळ्या आणि काळ्या रंगावर धावते. तिला पकडायचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचे असतात. चावते ती कपड्याच्या वरून. बाई, होडीचा निळा उरलाय म्हणालात ना, मिओम्बोत एक निळा सापळा टांगून टाका.

तिथला प्राणी म्हणून सेबल काढा, मागे वळलेल्या लांब शिंगांचा काळा हरीण-बैल. किंवा रानकुत्रा. पण माझं मत हनीगाइड पक्ष्याला. साधारण बुलबुलाएवढा, दिसायला अगदी सुमार. माणसाला हाका मारत, झाडावरून झाडावर उडत तो मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. माणूस धूर करून मध काढतो, हा मेण खातो. रुवुमा नदीपलीकडे मोझांबिकच्या नियासा भागात याओ जमातीचे मध काढणारे त्याला बोलवायला एक ठरावीक हाक देतात, "ब्र्र्र-हम्". क्लेअर स्पॉटिसवूड आणि सहकाऱ्यांनी हे तपासून २०१६ साली छापलं: ही हाक दिली तर पक्षी वाट दाखवायला यायची शक्यता ६६ टक्के, दुसरा कसलाही आवाज केला तर ३३. पक्षी रानटीच, पाळलेला नव्हे.

शिरगावचो बाबू

बाईनू, सिंह येक तरी होयोच. नायतर पोरां ब्रश हातात घेवची नाय.

तेलवाला निवृत्त (गुहागर)

काजूबी शेटनी पूर्व बाजू सांभाळली, मी पश्चिम घेतो. जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला, त्यामुळे मला आफ्रिका म्हणजे बंदरं. आत फारसा गेलो नाही.

नामिबियाचं वॉल्विस बे. बंदराला लागताना सकाळी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असं धुकं, आणि दहा वाजता धुकं उचललं की समोर नुसते वाळूचे डोंगर, थेट समुद्रात उतरलेले. कारण काजूबींनी सांगितलं तेच, गार पाणी. बेंग्वेला प्रवाह अंटार्क्टिकाच्या बाजूने गारवा घेऊन वर येतो. पाऊस वर्षाला वीस मिलिमीटरसुद्धा नाही. आपल्याकडे हा एवढा पाऊस चहा पिऊन होईपर्यंत पडतो. पण धुकं वर्षातले शंभरावर दिवस.

आपण धुक्याला शिव्या देतो, मोहोर गेला म्हणून. तिथे सगळं जगतं धुक्यावर. एक काळा भुंगेरा आहे. धुकं आलं की वाळूच्या टेकडीच्या धारेवर चढतो, डोकं खाली आणि पाठ वाऱ्याकडे करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळून तोंडात येतात. बाई, हाच काढा, सोपा आहे. आणि झाड म्हणून वेल्विचिया. त्याला जन्मभर दोनच पानं, तीच वाढत जातात, वाऱ्याने फाटून चिंध्या होतात. त्यातली काही हजार वर्षांच्या वर जगलेली आहेत.

बाबूच्या सिंहाचीही सोय करतो. नामिबच्या किनाऱ्यावर सिंह आहेत, ते कधीकधी समुद्रकाठी येऊन सील खातात. तपकिरी तरस तर सीलच्या पिल्लांवरच असतो. वाळवंटात मासेखाऊ प्राण्याला खाणारा सिंह, हे चित्र कुठल्या पुस्तकात नसेल.

खाली केपला पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे त्यांच्या जून-जुलैत, आणि उन्हाळा कोरडा. तिथे जंगलही नाही, गवतही नाही. कमरेएवढी झुडपं, कडक बारीक पानांची. टेबल माउंटनवर चढलो तेव्हा मला वाटलं, आपला सडाच श्रावणात फुललाय. फिनबोस म्हणतात त्याला. त्या एवढ्याशा टोकावर नऊ हजारांच्या आसपास फुलझाडांच्या जाती आहेत आणि त्यातल्या दोनतृतीयांश दुसरीकडे कुठेही नाहीत. ठरावीक वर्षांनी आग लागावी लागते, त्याशिवाय कित्येकांचं बी रुजतच नाही. काही बिया मुंग्या जमिनीत नेऊन ठेवतात, आगीपासून वाचतात त्या अशा.

पेंग्विन तिथे दाखवाच. सायमन्स टाउनला लोकांच्या घरांसमोरच्या पुळणीवर असतात, गाढवासारखे ओरडतात. पण फिक्या रंगाने काढा, कारण २०२४ पासून आफ्रिकी पेंग्विन अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तारली आणि अँकोव्ही हे त्याचं खाणं, ते मिळेनासं झालंय. नामिबियाच्या बाजूला तर साठ-सत्तरच्या दशकांत तारलीची एवढी लूट झाली की मासा संपला आणि त्या पाण्यात जेलीफिश माजले. आपल्या पर्ससीनवाल्यांना हे कुणी सांगेल का, हा वेगळा धागा होईल. थांबतो.

पडवीतली शाळा

वा, मला तर तासच मिळाला! काजूबीदादा, वाऱ्याचं सांगितलंत ते उद्या फळ्यावर काढते. पण एक अडलं. सेरेंगेटीला अगदीच वाळवंट नाही, बऱ्यापैकी पाऊस आहे. मग तिथे झाडं वाढून रान का होत नाही? मातीचं म्हणावं, तर तिथे जांभा थोडाच आहे?

लसवाले आप्पा (लांजा)

जांभा नाही, पण त्याचा भाऊ आहे. सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या माळावर ज्वालामुखीची राख पडलेली आहे. त्या राखेतला चुना खाली झिरपून दगडासारखा थर झालाय. गवताची मुळं वरच भागवतात, झाडाला खाली वाट नाही. त्याच राखेमुळे गवत कसदार आहे, म्हणून विल्डबीस्टच्या, म्हणजे तिथल्या कळपाने चरणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्याच्या, माद्या वीण करायला जानेवारी-फेब्रुवारीत तिथेच येतात.

पण उरलेल्या भागाचं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला मी योग्य माणूस आहे. मी पशुसंवर्धन खात्यात होतो, बर्फाच्या थर्मासात लस घेऊन वाड्यावाड्यांवर फिरलेला. बुळकांडी, ती गुरांची साथ (रिंडरपेस्ट), आठवते का कुणाला? जुन्या माणसांना विचारा. गोठाच्या गोठा बसायचा.

ही बुळकांडी १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी नेलेल्या गुरांबरोबर एरिट्रियात उतरली. ती गुरं हिंदुस्थानातूनच गेली असं मानतात. दहा वर्षांच्या आत रोग पार खाली केपपर्यंत पोचला. गुरं मेली, गुरांवर जगणारी माणसं उपासमारीने मेली, आणि त्याबरोबर रानम्हशी, विल्डबीस्टही. पुढची साठ-सत्तर वर्षं तो रोग सेरेंगेटीत वासरं मारत राहिला. मग आसपासच्या मसाई लोकांच्या गुरांना लस टोचली. रानातल्या जनावराला कुणी सुई लावली नाही, फक्त गुरांना. रोग गुरांतून गेला आणि रानातूनही गेला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट सत्तरचं दशक संपायच्या आत तेरा लाखांवर गेले.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. तेरा लाख तोंडं गवत खायला लागली. गवत उरेना, म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी झाले, म्हणून झाडांची रोपं वाचली आणि सेरेंगेटीत झाडं वाढली! म्हणजे तिथे गवत राहणार की झाड, हे पावसाइतकंच कोण चरतंय आणि काय जळतंय यावर ठरतं. वर हत्ती आहेतच, वाढलेलं झाड मोडायला.

आमच्या सड्यावर मी उलटं बघतोय. पूर्वी घरटी चार-पाच गुरं, सडा चरून साफ. आता पॉवर टिलर आले, माणसं मुंबईला, गुरं राहिली नाहीत. गवत छातीएवढं उभं वाळतं आणि एक विडी पुरते. मग काजू-आंब्याच्या बागा जळतात आणि आपण म्हणतो कुणीतरी मुद्दाम लावली.

बुळकांडी भारतात १९९५ नंतर दिसली नाही, आणि २०११ साली जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. नकाशावर सेरेंगेटीत विल्डबीस्टबरोबर एक लस टोचलेली गायही काढा, ही म्हाताऱ्याची विनंती.

खाजणातली (मालवण)

आप्पा, गाय मी येऊन काढते!

बाई, किनारा विसरू नका. मी खारफुटीवर अभ्यास करतेय म्हणून सांगते. टांझानियातल्या रुफिजी नदीच्या मुखाशी किंवा केनियातल्या लामूला जी झाडं चिखलात उभी आहेत, ती आपल्या खाडीतलीच: कांदळ, तिवर, पांढरी चिप्पी. नुसती दिसायला सारखी नाहीत, जातीच त्या. लामू-रुफिजीचे कांदळाचे वासे गलबतांतून अरबस्तानात घरांच्या छपरांना जात. चिखलात निवट्या, ते चिखलातले मासे, तिथेही उड्या मारतात. पण आफ्रिकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याला गेलात की खारफुटीच्या जाती बदलतात, त्यांचं गणगोत समोर ब्राझीलकडे. तिथे गिनी-बिसाऊच्या बिजागोस बेटांवर पाणघोडे खाऱ्या पाण्यात उतरतात. पूर्वेला निवटी आणि पश्चिमेला पोहणारा पाणघोडा काढा, दोन किनारे वेगळे कळतील.

आणि पोरांनी सड्यावर चतुर पाहिलेच असतील, पाऊस संपताना थव्याने उडणारे पिवळसर. ऑक्टोबरनंतर हे समुद्र ओलांडून, मालदीववरून, पूर्व आफ्रिकेला जातात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये हे मांडलं. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालायची असल्याने ते पावसाच्या मागे मागे जातात. नोव्हेंबरात अमूर ससाणेही आपल्यावरून समुद्रात शिरतात. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तिघांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले होते, ते न थांबता अरबी समुद्र पार करून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे गेले. नकाशाच्या उजवीकडे पडवीत जागा असेल तर कोकणपट्टी काढा आणि तिथून आफ्रिकेपर्यंत चतुरांची रांग.

काजूबी

खाजणातल्या पोरीने माझा काजूही सांगायला हवा होता, तो ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी गोव्यात आणि मोझांबिकात दोन्हीकडे उतरवला.

काँगोचं राहिलंच. तिथे मी गेलेलो नाही, म्हणून थोडक्यात. जंगलातलं जनावर लपण्यासाठी घडलेलं असतं, त्यामुळे तिथे कळप दिसत नाहीत. ओकापी काढा: जिराफाचा नातलग, पण मान आखूड, मांड्यांवर पांढरे पट्टे, पानांतून येणाऱ्या उन्हात दिसेनासा होतो. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली तीच मुळी १९०१ साली. काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी, दक्षिणेला त्याचाच भाऊबंद वानर बोनोबो, नदी मध्ये. दोघांनाही पोहता येत नाही. जंगलातला हत्तीही वेगळा, लहान चणीचा, सरळ सुळ्यांचा. २०२१ पासून त्याला सवाना हत्तीपासून वेगळा मोजतात. तो फळं खाऊन बिया लांबवर टाकतो, तिथल्या मोठमोठ्या झाडांची पेरणी त्याच्याकडे आहे.

पडवीतली शाळा

ओकापी ठरला. आता फक्त सहारा उरलाय. तिथे उंट काढला की झालं ना?

खाजणातली

उंट मागाहून अरबस्तानातून आला, माणसाबरोबर. तिथला मूळचा म्हणाल तर अ‍ॅडॅक्स, पिळदार शिंगांचा पांढरट हरणवर्गीय, आता रानात अगदी मोजके उरलेत. किंवा फेनेक कोल्हा, कान केवढे. पण मी तुमच्या जागी असते तर मगर काढली असती.

पडवीतली शाळा

वाळवंटात मगर? चेष्टा करतेस का गो?

खाजणातली

खरंच आहे. चाडच्या एन्नेडी पठारात आर्शेई नावाचा दगडी घळीतला डोह आहे. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत सहारात पाऊस होता, तळी होती, पाणघोडे होते. तिथल्या कातळांवर गुरांची चित्रं आहेत. पाऊस गेला, तळी आटली, त्या मगरी या डोहात अडकून राहिल्या. उंच कड्यांची सावली आणि वालुकाश्मातून झिरपणारं पाणी, म्हणून डोह आटत नाही. भटके लोक शेकडो उंटांना पाणी पाजायला तिथे आणतात. उंटांच्या लेंड्यांनी पाणी काळं होतं, त्या खतावर शेवाळ वाढतं, शेवाळावर मासे आणि माशांवर मगरी. उंटही काढा, पण पाण्यात उभा.